दोन बादल्या राख

"अठ्ठावीस. टोपी."

सकाळी सातच्या ठोक्याला जिन्याखालून एवढे दोनच शब्द वर यायचे आणि खालचं दार बंद व्हायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा कसला जप करतोय की काय. आमचे हे टाय बांधता बांधता म्हणाले, "अगं, टेंपरेचर सांगतायत. बाहेर अठ्ठावीस फॅरनहाइट आहे, म्हणजे आपल्या शून्याच्याही खाली, टोपी घाला म्हणतायत." मग सवयच लागून गेली. "बेचाळीस. स्वेटर." "अकरा. सगळं." सुट्टीच्या दिवशी स्वारी खुशीत असली तर, "बहात्तर. काही नको." ऐंशी सालानंतरची पहिली पाच-सहा वर्षं आम्ही न्यू जर्सीत एडिसनला काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. तेवढ्या वर्षांत मी टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज कधी पाहिला नाही.

काका म्हणजे आमचे घरमालक, तेव्हा पासष्टीच्या पुढचे. मूळचे राजापूरचे, पण तीसेक वर्षं अमेरिकेत काढलेली. एका रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून सगळी नोकरी केली आणि रिटायर झाले. लग्न केलेलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, लग्न का नाही केलंत?" तर म्हणाले, "राहून गेलं." दुकानातून दूध आणायचं राहून जातं ना, तेवढ्याच सहज.

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती, गावानं मारायचे. मी मिरज. आमचे हे नागपूर. समोरच्या गल्लीतले डॉक्टर म्हणजे अकोला. पुतण्या सावंतवाडीत जन्मलेला, पण त्याला मात्र ट्रॉय म्हणायचे, कारण तो मिशिगनमध्ये ट्रॉयला मोटारींच्या कंपनीत होता. "ट्रॉयचा फोन होता. म्हणतो, काका, इथे या." "मग जा की," मी म्हणायची. "तिथली माती गोडी आहे," काका म्हणायचे आणि विषय संपायचा.

मातीचं हे खूळ फार मोठं होतं. कुणाकडे सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो, मुलाचा वाढदिवस असो, काका जेवून उठले की मागच्या दारानं बाहेर जायचे आणि खिशातून फोटोच्या फिल्मची रिकामी डबी काढून त्यात त्यांच्या अंगणातली चमचाभर माती घ्यायचे. घरी येऊन ती तपासायची, आणि दोन दिवसांनी त्या घरी फोन करून निकाल सांगायचा. "अकोला, तुमची माती आंबट आहे. छान आहे. तिला चुना घालून नासवू नका." आंबट म्हणजे अ‍ॅसिडिक, आणि चुन्यानं ती गोडी होते, हे मला नंतर कळलं. बिचारे डॉक्टर पेशंट सोडून फोनवर आलेले असायचे. तळघरात फळीवर अशा शंभरेक डब्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. मिरजेची डबी नव्हती याचं मला तेव्हा उगाच वाईट वाटायचं.

दुसरं खूळ म्हणजे झाडांची उपमा द्यायची नाही. एकदा मंडळाच्या गुढीपाडव्याला शाळेच्या हॉलमध्ये कुणीतरी रंगात येऊन भाषण ठोकत होतं. आपण सगळी एका मातीतून उपटून दुसऱ्या मातीत लावलेली रोपटी आहोत, वगैरे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. मीही लावला होता, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात मागच्या रांगेतून काका उठले. "साहेब, रोप उपटून लावलं तर ते भाषण करत नाही. मूळ धरतं नाहीतर मरतं. आपण दोन्ही केलं नाही. आपण नोकरी केली." आणि खाली बसले. वक्ते पाण्याचा ग्लास शोधू लागले. आमच्या ह्यांनी मला कोपर मारून म्हटलं, "यार, ह्यांना बोलावतं तरी कोण?" पण दरवर्षी बोलावायचे सगळेच, कारण ते नसले की चुकल्यासारखं व्हायचं.

तेव्हा आमच्यातल्या प्रत्येक घरात एक तरी रोप आजारी असायचं. कुणी बॅगेतून लपवून आणलेला कढीपत्ता, कुणाचा मोगरा, कुणाची अबोली. हिवाळ्यात त्यांच्यावर ट्यूबलाइट लावायची, कपड्यानं पानं पुसायची, आणि मार्चपर्यंत काडी उरायची. माझ्याही मोगऱ्याचं तेच झालं. मी रडवेली होऊन कुंडी खाली घेऊन गेले तर काकांनी वाकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "मोगरा तिकडे आहे, मिरज. बरा आहे. त्याची काळजी करू नकोस. इथलं काय आहे ते बघ जरा."

इथलं म्हणजे त्यांचं लॉरेल.

परसाच्या टोकाला एक जुना ओक होता. त्याच्या पूर्वेला, पानांच्या गालिच्यात, मांडीएवढ्या उंचीचं एक झुडूप. चकचकीत हिरवी पानं, थंडीतही न गळणारी. माउंटन लॉरेल म्हणतात त्याला. इथल्याच डोंगरातलं, आपोआप येणारं, कुणी न लावलेलं. काका दर जूनमध्ये गाडी काढून राज्याच्या वरच्या अंगाला डोंगरात जायचे आणि ते फुललेलं बघून यायचे. मला म्हणाले होते, "तीस वर्षांत या देशात मला कुणी मागितल्याशिवाय काही दिलं असेल तर या झुडपानं."

नर्सरीत ते तयार मिळायचं. पण विकतचं आणतील तर ते काका कसले! त्यांनी डोंगरातल्या झुडपाची सुकलेली बोंडं आणली होती आणि बियांपासून वाढवलं होतं. बी कसलं, तपकीर! शिंक आली तर वर्षाची मेहनत गेली. प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यात ओलं शेवाळं पसरायचं, त्यावर बी नुसतं भुरभुरवायचं, वर मातीचा कणही घालायचा नाही, कारण त्याला उजेड लागतो. झाकण लावायचं आणि तळघरात ट्यूबलाइटखाली ठेवायचं. वर्षभरानं रोप मेथीच्या पानाएवढं. दोन वर्षांनी बोटभर. शेकड्यांनी उगवलं त्यातली तीन जमिनीत लावण्याजोगी झाली, त्यातली दोन सशांनी आणि हिवाळ्यानं नेली. उरलं ते हे एक, आठ वर्षांचं.

ते कसं लावायचं हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. खड्डा उथळ आणि रुंद, परातीसारखा. (परातीसारखा हे माझं, काका नुसतं उथळ म्हणायचे.) मुळांचा गड्डा जमिनीच्या वर दोन बोटं राहिला पाहिजे, पुरायचा नाही. घराच्या भिंतीजवळ लावायचं नाही, सिमेंटमधला चुना झिरपतो. सकाळचं ऊन, दुपारची सावली. खाली ओकची पानं आणि पाइनच्या सुया पसरायच्या आणि त्या कधी काढायच्या नाहीत. मुळं केसासारखी असतात आणि अगदी वर असतात, म्हणून तिथं खुरपं चालवायचं नाही. कोरडं पडलं तर आठवड्यातून एकदा पाणी, एरवी नाही.

"आणि मग करायचं काय?" मी विचारलं होतं.

"काहीच नाही. तेच तर जमत नाही आपल्या लोकांना."

त्या वर्षीच्या शरदात झुडपाच्या शेंड्यांवर तीन ठिकाणी बारीक कळ्यांचे घोस दिसले. आठ वर्षांत पहिल्यांदाच. या कळ्या हिवाळाभर तशाच राहतात आणि जूनमध्ये फुलतात. काकांनी मला हाताला धरून नेलं, लांबून दाखवलं, आणि परत आणलं. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं की ते रात्रीचा टॉर्च घेऊन खिडकीतून त्या दिशेला बघत उभे राहायचे. मी गंमतीनं म्हटलं, "काका, बाळंतपण आहे का?" तर नेहमीसारखे उपमेवर रागावले नाहीत. नुसते हसले.

आणि मार्चच्या शेवटी राजापूरहून तार आली. थोरल्या बहिणीचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होतं, दुसरं कुणी बघायला नव्हतं. काका सहा आठवड्यांसाठी निघाले. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सूचनांचा एक कागदही दिला. मला वाटलं, दोन पानं तरी असतील. त्यावर एवढंच होतं: लॉरेल: काहीही करू नकोस.

आता माझं सांगते. मला त्या घरात दोन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती, ड्राइव्ह करता येत नव्हतं. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी, तिथंही जायचं तर कुणी न्यायला हवं. हे सकाळच्या ट्रेननं न्यूयॉर्कला जाणार, दिवे लागल्यावर येणार. दिवसभर माणसाचा आवाज म्हणजे काय तो सकाळचा "अठ्ठावीस, टोपी". पहिल्या हिवाळ्यात मी भिंतीकडे बघत बसायला लागले होते. तेव्हा काकांनीच मला खाली बोलावून मातीच्या डब्यांवर लेबलं लावायला बसवलं, लायब्ररीचं कार्ड काढून दिलं, आणि मला गाडी शिकवायचं कबूल केलं होतं. या माणसानं मला माणसात ठेवलं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटायचं. आणि त्यांनी सांगितलं काय, तर काहीही करू नकोस.

पहिला आठवडा मी नुसती बघत होते. दुसऱ्या आठवड्यात पान जरा मलूल वाटलं. तसं काही नव्हतं, एप्रिलातलं कोरडं वारं होतं. पण माझे हात शिवशिवायला लागले. आमच्या मिरजेच्या घरी आई रोज बंबातली राख काढायची ती थेट झाडांना. राखेनं अबोली अशी फुलायची की गल्ली बघायला यायची. आणि झाड म्हटलं की त्याला आळं हवं, आळ्यात पाणी हवं. आळं नसलेलं झाड म्हणजे आमच्याकडे बेवारशी. इथं तर कळ्या आलेल्या, आणि बिचाऱ्याला ना आळं, ना खत, ना पाणी!

मागच्या दाराशी काकांच्या शेकोटीची राख दोन बादल्या भरून ठेवलेली होती, पायऱ्यांवर बर्फ झालं की टाकायला. बर्फ संपलं होतं. मी पाइनच्या सुया बाजूला केल्या, खुरप्यानं झाडाभोवती छान गोल आळं काढलं, दोन्ही बादल्या राख मातीत कालवली आणि वरून पाणी घातलं. खुरप्याला पांढरे दोरे अडकत होते. मला वाटलं, गवताची मुळं असतील. मग रोज सकाळी एक बादली पाणी. सात वाजता मी स्वतःशीच म्हणायची, "पन्नास. पाणी." इतकं समाधान मला अमेरिकेत आल्यापासून कशात मिळालं नव्हतं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तीन आठवड्यांत पानं खाली लोंबायला लागली. मग पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. मग एका सकाळी कळ्यांचा एक घोस खाली पडलेला दिसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आळं मोडलं, माती सारखी केली, सुया होत्या तशा पसरल्या आणि बादल्या घासूनपुसून उलट्या ठेवल्या. हे मी घाबरून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी ते अगदी नीट, वेळ घेऊन केलं.

काका मेच्या मध्याला आले. बॅगा दारात टाकून आधी परसात गेले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. कितीतरी वेळ ते वाकून उभे होते, मग उकिडवे बसले, मग खाली पडलेले तिन्ही घोस त्यांनी वेचून रुमालात घेतले. जिन्याशी आल्यावर मला म्हणाले, "बादल्या घासून ठेवल्यास. शहाणी आहेस." मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बोलायचं होतं ते तेव्हाच. पण उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले. आणि तेवढ्यात काकांनी माती तपासली. आंबट असायला हवी ती पार उलट्या टोकाला गेलेली. ते मला तळघरात बोलावून म्हणाले, "यात चुना गेलाय." गॅरेजमध्ये लॉनसाठी चुन्याची गोणी होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी लॉनवर चुना टाकला होता, वहीतही तसं लिहिलेलं होतं. ते वहीवर बोट ठेवून बसले होते. "इथं लिहिलंय लॉन. पण हात कुठे गेला कोण जाणे. घाईत होतो. मला लॉरेलपाशी गेलेलं आठवत नाही, मिरज. अजिबात आठवत नाही."

मी म्हटलं, "काका, होतं असं." खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पण तोंडातून निघालं एवढंच.

त्यांच्या वडिलांची आणि एका चुलत्यांची म्हातारपणी आठवण गेलेली होती. मुलांना ओळखत नव्हते. हे त्यांनी मला पूर्वी एकदा अगदी कोरडेपणानं सांगितलं होतं. आता मला त्याचा अर्थ कळायला लागला. सकाळी टेंपरेचर सांगून झाल्यावर ते पुन्हा दार उघडून थर्मामीटर बघून यायचे. मग घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गॅसच्या बटणावर, "बंद केला?" दारावर, "किल्ली?" आरशावर, "आज कोणता वार?" एका संध्याकाळी त्यांनी ह्यांच्या हातात गाडीची किल्ली दिली. "नागपूर, ठेव तुझ्याकडे. मला चालवायला नको आता. आज झाडावर चुना टाकला, उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालेन." माझं ड्रायव्हिंग शिकणं तर बंद झालंच. जूनमध्ये ते डोंगरात गेले नाहीत.

आणि मग कळलं, घर विकायचं ठरलंय. ट्रॉयनं सगळं जमवलं होतं. काका त्याच्याकडे राहायला जाणार, शनिवारी तो स्वतः कागद घेऊन येणार. काका हे सांगत होते तेव्हा तळघरातल्या डब्या एका खोक्यात भरत होते. लेबलंसुद्धा वाचत नव्हते.

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी हसले, मग गंभीर झाले. "आता सांगून काय होणार? पुतण्याकडे सुखात राहतील. तू कशाला मध्ये पडतेस? आणि सांगितलंस ना, तर उद्याच्या उद्या आपली गठडी बाहेर."

"अहो, त्या माणसाला वाटतंय त्याचं डोकं गेलं!"

"वय झालंच आहे गं त्यांचं."

"वय झालंय. डोकं गेलेलं नाही. ते मी घेतलंय त्यांचं."

शुक्रवारी सकाळी हे गेल्यावर मी खाली गेले. काका स्वयंपाकघरात बसले होते, समोर चहाचा कप, कपाखाली चिठ्ठी: "साखर घातली." मी उभ्यानंच सुरुवात केली, कारण बसले असते तर पुन्हा काहीतरी दुसरंच बोलले असते. "काका, चुना नाहीये तो. राख आहे. शेकोटीची. मी घातली. आळं केलं, राख कालवली आणि रोज पाणी घातलं. तुम्ही यायच्या आधी सगळं सारखं करून ठेवलं आणि गप्प बसले. तुम्ही काही विसरला नाहीत."

काकांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे मी नाही?"

"नाही काका. तुम्ही नाही."

"किती राख?"

"दोन बादल्या."

"भरून?"

"भरून."

"ओकचीच होती ती सगळी." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी हिशेब केला. केमिस्टच तो शेवटी; राखही मातीला चुन्यासारखीच गोडी करते. आकडा जमला तशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि मग त्यांचा चेहरा जो काय उजळला, तो मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसत होते. "म्हणजे मी नाही!" ते उठले, गॅसवरची चिठ्ठी फाडली, दारावरची फाडली, आतल्या खोलीत जाऊन आरशावरचीही फाडून आले. मला चहा करून दिला. फोन उचलून ट्रॉयला म्हणाले, "कॅन्सल कर. का म्हणजे? मला बरं वाटतंय म्हणून." मी ओट्याशी उभी राहून रडत होते आणि तो अतिशय गोड चहा पीत होते, त्यांनी साखर दोनदा घातली होती. दोघांनाही ते कळलं, आणि मी कप रिकामा केला.

मला वाटलं, सुटले. कसची सुटतेय! दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले, जिन्याखालून काही आवाज नाही. नुसतं दार बंद झालं. तिसऱ्या दिवशी तेच. आधी सुटकेचा आनंद होता, तो ओसरल्यावर त्यांना राग आला होता, आणि राग यायलाच हवा होता. आठ वर्षांचं झाड मारलं, आणि त्याहून वाईट म्हणजे महिनाभर त्यांना त्या भीतीत ठेवलं. त्यांनी घर सोडा म्हटलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त हवामान सांगायचं बंद केलं. एक दिवस हे पावसात चिंब भिजून आले तेव्हा मला म्हणाले, "तू सांगितलंस ते बरंच केलंस. पण माफी लवकर मिळव बुवा, मला न्यूमोनिया होईल."

महिना झाला असेल. एका सकाळी जिन्याखालून आवाज आला, "एकोणऐंशी. हातमोजे." जुलैत हातमोजे? मी धावत खाली गेले तर काका परसात करवत घेऊन उभे. त्यांनी मधल्या काळात राखेची माती खरवडून काढून नवी घातली होती, माती पुन्हा आंबट व्हावी म्हणून गंधक टाकलं होतं, सगळं एकट्यानं. आता झुडपाच्या काटक्या झालेल्या. त्यांनी करवत माझ्या हातात दिली. "जमिनीपासून चार बोटांवर काप."

"मी?"

"मग कोण?"

मी कापलं. खाली एक गाठाळ बुडखा तेवढा राहिला. काका म्हणाले, "हे झाड बुडापासून पुन्हा फुटतं. डोंगरात वणवा लागतो, हरणं खातात, तरी फुटतं. फुटलं तर फुटलं. आता हे तुझं. काय करायचं माहीत आहे ना?"

"काहीही नाही."

"ठीक."

जगात याहून अवघड काम नाही, माझ्याकडून लिहून घ्या. मी रोज जाऊन त्या बुडख्यापाशी हात मागे बांधून उभी राहायची. पुढच्या मेमध्ये त्याला तांबूस कोंब आले, तेव्हा मी जी किंचाळले, काका चप्पल न घालता धावत आले. नंतरच्या वर्षांत मी ड्राइव्ह करायला शिकले, एका लॅबमध्ये नोकरीला लागले, आमचं स्वतःचं घर झालं, चार मैलांवर. पण रविवारी सकाळी काकांकडे फेरी ठरलेली. जायचं, उभं राहायचं, काही न करता परत यायचं.

आणि त्या दशकाच्या शेवटी शेवटी काका खरोखरच विसरायला लागले. जी भीती माझ्या राखेनं उगाच आणली होती, ती आता स्वतःच्या पायानं आली. आधी वार, मग माणसं. दिवसा एक नर्स यायची, ट्रॉय महिन्यातून एकदा येऊन जायचा. सकाळी सातला काका दार उघडायचे आणि थर्मामीटरपाशी उभे राहायचे, पण आकडा सांगायला वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं आणि आकडाही लागत नव्हता.

त्या जूनमध्ये लॉरेल फुललं. मी रविवारी गेले तर ओकखाली नुसतं पांढरं-गुलाबी. प्रत्येक कळी बत्ताशासारखी, कडेला चुण्या पडलेली. उमललेल्या फुलात दहा केसर वाकून आपापल्या खळग्यात अडकवून ठेवलेले, मधमाशी बसली की एकेक टपकन सुटून तिच्या अंगावर पराग उडवायचा. हे मला काकांनी कधीतरी आगपेटीची काडी फिरवून दाखवायचं कबूल केलं होतं. मी त्यांना हाताला धरून नेलं, खुर्ची ठेवली आणि बसवलं. ते बराच वेळ फुलांकडे बघत होते. मला ओळखत होते की नाही, देव जाणे.

मग एकाएकी त्यांचा चेहरा कसनुसा झाला. माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "यावर चुना टाकला होता. मी टाकला. मला आठवत नाही, पण मीच टाकला असणार."

इतकी वर्षं गेली, सगळं गेलं, आणि राहिलं नेमकं तेवढंच. मी पेरलेलं. मला भडभडून आलं, पण रडून भागणार नव्हतं. मी त्यांच्यासमोर गवतात बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "काका, चुना नव्हता तो. राख होती. मी घातली. मी मिरजेची."

"राख?"

"दोन बादल्या."

"भरून?"

"भरून."

त्यांनी बोटं मोजायला घेतली. ओठ हलत होते, कसला तरी हिशेब चालला होता. आणि मग, तसाच, अगदी तसाच तो चेहरा उजळला. "म्हणजे मी नाही?"

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. फुलं गळली, पानं राहिली, हिवाळा आला, तरी विचारायचे. नर्स म्हणाली, त्यांना काही लक्षात राहत नाही, तुम्ही कशाला दर वेळी एवढं सगळं सांगत बसता? पण मी दर रविवारी सकाळी कोट घालून, चार मैल गाडी चालवत गेले, त्यांच्यासमोर बसले आणि माझा गुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कबूल केला. एकही बादली कमी न करता.

"नाही काका. तुम्ही नाही."